पांढऱ्यावरची निळी सावली

पांढरे धोतर पांढरे दिसावे म्हणून ते निळ्या पाण्यातून काढायचे, ही रीत आपल्या घरांत कितीतरी वर्षे चालत आली. बादलीत नीळ कालवताना आजीचा अंदाज सहसा चुकत नसे. कमी पडली तर कपडा पिवळट राहतो, जास्त झाली तर निळे डाग पडतात. पांढऱ्याचे आणि निळ्याचे काहीतरी जवळचे नाते आहे, हे तिला पुस्तकातून कुणी शिकवले नव्हते. हाताला ते ठाऊक होते.

याच नात्यावर उभे असलेले एक चित्र १८६९ साली पॅरिसच्या ‘सालों’ या सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनासाठी पाठवले गेले आणि निवड समितीने ते परत केले. चित्रकार होता अठ्ठावीस वर्षांचा क्लोद मोने. चित्राचे नाव ‘ला पी’, म्हणजे मॅगपाय : कावळ्याच्या कुळातला, लांब शेपटीचा काळा-पांढरा पक्षी, आपल्याकडच्या टकाचोराचा युरोपातला नातलग. आज हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे आणि तिथल्या सर्वांत आवडत्या चित्रांत त्याची गणना होते. नाकारलेले चित्र पुढे नावाजले गेले, ही कथा कलेच्या इतिहासात नवी नाही. विचार करण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. बर्फात पडलेल्या एका कुंपणाच्या या चित्रात न पटण्याजोगे होते तरी काय? आणि थंडीचे, निर्मनुष्य असे हे दृश्य पाहताना आपल्याला उदास का वाटत नाही?

चित्रात काय आहे

चित्र ८९ सेंटिमीटर उंच आणि १३० सेंटिमीटर रुंद आहे. मोनेने ते १८६८-६९ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, नॉर्मंडीतल्या एत्रता गावाजवळ रंगवले. चित्राच्या मध्यातून काटक्या विणून केलेले एक कुंपण आडवे गेले आहे आणि त्याच्या माथ्यावर बर्फाचा जाड थर बसला आहे. डाव्या बाजूला लाकडी आडव्या पट्ट्यांचे फाटक आहे आणि त्याच्या वरच्या पट्टीवर एकटा मॅगपाय बसलेला आहे. कुंपणापलीकडे बर्फाने लगडलेली झाडे आणि उजवीकडे बर्फाच्छादित छपराचे घर. माणूस एकही नाही.

सूर्य चित्रात दिसत नाही, पण तो कुंपणाच्या पलीकडे, आपल्या समोरच्या बाजूला आणि खाली आहे. म्हणून कुंपणाची सावली आपल्या दिशेने, पुढच्या बर्फावर पसरली आहे. ती निळी आहे. काळसर नाही, तपकिरी नाही. करडी म्हणावी तर तशीही नाही. निळ्या-जांभळ्या छटांचा एक पट्टा चित्राच्या जवळजवळ सगळ्या रुंदीभर गेला आहे. त्याच्या मागेपुढे जिथे ऊन पडले आहे तिथले बर्फ सायीसारखे किंचित पिवळे, कुठे गुलाबी झाक असलेले आहे. निव्वळ पांढरे म्हणावे असे चित्रात फार थोडे सापडते. तरीही पाहणाऱ्याच्या मनात ठसते ते एकच : शुभ्र बर्फ.

पांढरे म्हणजे काय

बर्फ पांढरे का दिसते, इथून सुरुवात करावी लागेल. बर्फाचा एकेक कण काचेसारखा पारदर्शक असतो. पण असे असंख्य कण एकमेकांवर सैलसर पडले की प्रकाश त्यांच्या पृष्ठभागांवर पुन्हा पुन्हा वळतो, परततो आणि शेवटी जवळजवळ सगळाच बाहेर येतो. ताजे बर्फ आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परत पाठवते. शिवाय दृश्य प्रकाशातले सगळे रंग ते सारख्याच प्रमाणात परत करते, कुठलाही स्वतःकडे ठेवत नाही. साखर किंवा मीठ पांढरे दिसते तेही याच कारणाने.

याचा अर्थ, बर्फाला आपला म्हणावा असा रंग नाही. जो प्रकाश त्याच्यावर पडेल तो त्याचा रंग. पिवळे ऊन पडले तर पिवळे, मावळतीचे पडले तर गुलाबी, ढगाळ आभाळाखाली राखाडी. मग सगळ्यांनाच ते नेहमी पांढरे कसे दिसते? कारण आपला मेंदू नुसते पाहत नाही, पाहिलेल्याचा हिशेबही मांडतो. खोलीतला दिवा पिवळा आहे हे तो लक्षात घेतो, तेवढा पिवळेपणा मनातल्या मनात वजा करतो आणि हातातला कागद पांढराच आहे असा निर्वाळा देतो. शास्त्रज्ञ याला रंगस्थैर्य म्हणतात. रोजच्या व्यवहारात त्याचा मोठा आधार असतो. ते नसते तर सकाळी पाहिलेली वस्तू संध्याकाळी ओळखायला आपण अडखळलो असतो.

पण चित्रकाराच्या वाटेत हेच आडवे येते. कॅनव्हासवर प्रकाश नसतो, फक्त रंगाचे लेप असतात. बर्फ पांढरे असते हे माहीत आहे म्हणून त्याने सगळीकडे पांढरा रंग लावला तर चित्रात चुन्याची निवळी सांडल्यासारखे दिसेल. मेंदूने वजा केलेले त्याला पुन्हा जमेस धरावे लागते. हिवाळी निसर्गचित्रात ही कसोटी सर्वांत कठोर असते, कारण तिथे पानाफुलांचे रंग मदतीला नसतात. उरतो तो फक्त प्रकाश.

निळे येते कुठून

उघड्यावर उन्हाच्या दिवशी जमिनीला दोन दिवे असतात. एक सूर्य, दुसरा आकाश. सूर्याचा प्रकाश प्रखर आणि थोडा पिवळसर. आकाशाचा प्रकाश मंद आणि निळा. हवेतले रेणू प्रकाश विखुरतात तेव्हा निळा भाग तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरला जातो, म्हणून आभाळ निळे दिसते. कुंपण सूर्याला अडवते. आकाशाला अडवू शकत नाही. त्यामुळे कुंपणाच्या सावलीत पडलेले बर्फ अंधारात नसते, ते दुसऱ्या दिव्याच्या उजेडात असते. तो दिवा निळा, म्हणून ती सावली निळी. गवतावर किंवा मातीवर हे निळेपण त्यांच्या स्वतःच्या रंगात हरवून जाते. बर्फ मात्र आलेला प्रकाश जसाच्या तसा दाखवते.

आकाशाच्या निळेपणाचे हे गणित इंग्रज शास्त्रज्ञ रॅले याने १८७१ साली प्रसिद्ध केले. मोनेने सावली रंगवली ती त्याच्या दोन वर्षे आधी. सिद्धान्ताची वाट पाहण्याचे त्याला कारण नव्हते. समोर जे दिसत होते ते त्याने लावले.

इथे एखादा चोखंदळ वाचक विचारील, की चित्रातले आकाश तर निळे नाही. ते फिकट, सायीच्या रंगाचे आहे. मग सावलीत निळे आले कुठून? उत्तर दुहेरी आहे. पहिले असे, की चित्रात आपल्याला दिसतो तो सूर्याच्या बाजूचा, क्षितिजालगतचा आकाशाचा तुकडा. तो नेहमीच सर्वांत पांढुरका असतो. सावलीवर प्रकाश टाकणारे आकाश त्यापेक्षा कितीतरी मोठे, डोक्यावरचे आणि पाठीमागचे, चौकटीबाहेरचे असते. दुसरे कारण डोळ्यातले आहे. दोन रंग शेजारी आले की ते एकमेकांना दूर ढकलतात. पिवळ्याशेजारी ठेवलेला करडा रंग निळसर भासतो. पॅरिसच्या गोब्लां या विणकामाच्या सरकारी कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेला रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३९ मध्ये याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला होता. मोनेच्या चित्रात हे दोन्ही एकत्र येते. उन्हातल्या बर्फाचा पिवळेपणा सावलीला अधिक निळे करतो आणि सावलीचा निळेपणा उन्हाला अधिक उबदार करतो. ऊन खरे वाटते ते सावलीमुळे.

आधी कुणी पाहिले नव्हते का?

पाहिले होते. पांढऱ्या पृष्ठभागावर मावळतीच्या वेळी निळ्या सावल्या पडतात, ही नोंद लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत आहे. जर्मन महाकवी गटे याने १८१० साली प्रसिद्ध केलेल्या रंगविषयक ग्रंथात हार्झ पर्वतरांगेतल्या ब्रोकेन शिखरावरून हिवाळ्यात उतरतानाचा आपला अनुभव सांगितला आहे. दिवसा बर्फावरच्या सावल्या जांभळट होत्या. सूर्य मावळू लागला, सगळीकडे तांबूस प्रकाश पसरला, तेव्हा त्याच सावल्या हिरव्या झाल्या.

म्हणजे माहिती होती. पण ती नोंदवहीत राहणे वेगळे आणि भिंतीवर टांगायच्या चित्रात येणे वेगळे. निसर्गचित्रे बहुधा बाहेरच्या टिपणांवरून चित्रशाळेत पूर्ण होत. अनेक चित्रकार कॅनव्हासला आधी गडद तपकिरी अस्तर देत आणि त्यावर उजेड चढवत जात. सावली म्हणजे त्या तपकिरी अस्तराचाच मागे राहिलेला भाग. गुस्ताव्ह कुर्बे हा त्या काळचा बर्फ रंगवण्यात नाणावलेला चित्रकार. त्याच्या सावल्यांतही निळी झाक येते, पण तोही बहुधा गडद अस्तरावर काम करी. प्रेक्षकाच्या डोळ्याला त्या तपकिरीची सवय झाली होती आणि सवयीलाच तो निसर्ग समजत होता.

मोने आपले सामान घेऊन बाहेर गेला. ल आव्ह्र गावातल्या एका पत्रकाराने याच सुमारास लिहून ठेवले आहे, की कडाक्याच्या थंडीत त्याला वाटेत आधी पाय शेकायची छोटी शेगडी दिसली, मग चित्राची घोडी, मग तीन-तीन कोट चढवलेला, हातमोजे घातलेला आणि चेहरा अर्धा गोठलेला एक गृहस्थ. तो मोने होता आणि बर्फाचा अभ्यास करत होता.

हे शक्य झाले त्यात काही अगदी व्यावहारिक गोष्टींचाही वाटा आहे. १८४१ मध्ये धातूच्या नळीत भरलेले तयार रंग निघाले आणि चित्रशाळा पाठीवर टाकून नेणे सोपे झाले. त्याहून महत्त्वाची गोष्ट निळ्या रंगाची. शतकानुशतके उत्तम निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदक्षानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द खड्याची पूड करून मिळवत आणि तो अतिशय महाग पडे. तो रंग कारखान्यात करून दाखवणाऱ्याला फ्रान्समध्ये ६००० फ्रँकचे बक्षीस लावले गेले आणि १८२८ साली ते झां-बाप्तिस्त गिमे याला मिळाले. कोबाल्टपासून केलेला निळा रंगही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून उपलब्ध होता. यामुळे मोनेच्या पिढीतल्या कफल्लक चित्रकारालाही सावलीवर निळा रंग खर्च करणे परवडू लागले. गिमेने तयार केलेला तो कृत्रिम निळा रंग म्हणजेच पुढे घराघरांतल्या बादलीत आलेली नीळ. आजीची पुडी आणि चित्रकाराची नळी यांचे मूळ एकच.

तरीही सर्वांची नजर लगेच बदलली नाही. यानंतर दहा वर्षांनीही यूइस्मांससारखा जाणता समीक्षक या चित्रकारांना निळ्याचे वेड लागले आहे, त्यांच्या डोळ्यांतच दोष आहे, असे म्हणत होता.

ब्रूगलचा हिवाळा

प्रकाश बदलला की भाव कसा बदलतो, हे समजायला मोनेच्या चित्रासमोर दुसरे एक चित्र ठेवून पाहावे. पीटर ब्रूगलचे ‘बर्फातले शिकारी’ हे १५६५ सालचे चित्र व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहे. ॲन्टवर्पच्या निक्लास योंगेलिंक या व्यापाऱ्यासाठी ब्रूगलने वर्षातल्या ऋतूंची जी चित्रमालिका केली, तिच्यातले हे एक. १५६४-६५ चा हिवाळा त्या भागात अतिशय कडक गेला होता.

डावीकडून तीन शिकारी पाठमोरे, वाकून चालले आहेत. मागे कुत्र्यांचा दमलेला तांडा. एवढ्या मोहिमेत हाती लागला आहे तो एक कोल्हा. खाली दरीत गोठलेल्या तळ्यांवर माणसे घसरगुंडी खेळत आहेत. या चित्रात माणसे आहेत, खेळ आहे, घरे आहेत. एक लांब शेपटीचा पक्षीसुद्धा पंख पसरून दरीवर तरंगतो आहे. तरीही पाहताना थंडी हाडांत शिरते.

कारण शोधायचे तर सावल्या शोधाव्यात. त्या नाहीत. आभाळ झाकलेले आहे. सूर्य नावाचा दिवा विझलेला आहे आणि उरलेला एकच दिवा, हिरवट करडे आकाश, सगळ्यांवर सारखाच पडतो आहे. ब्रूगलने खालच्या बर्फाच्या तळ्यांना आणि वरच्या आकाशाला एकच रंग दिला आहे. त्यामुळे वर-खाली कुठेच सुटका नाही, असे वाटते. सगळ्या चित्रात उबदार म्हणावा असा रंग मुख्यतः डावीकडच्या जाळाला आहे. तिथे खाणावळीसमोर काही माणसे डुक्कर भाजायच्या खटपटीत आहेत. त्या जाळाकडे शिकाऱ्यांचे लक्षही नाही.

दोन्ही चित्रांत बर्फ आहे, उघडी झाडे आहेत, घर आणि पक्षी आहे. माणसांनी भरलेले चित्र गारठवते आणि निर्मनुष्य चित्र ऊब देते. हा फरक विषयाचा नाही, प्रकाशाचा आहे. ब्रूगलच्या चित्रात थंड रंगाला उत्तर देणारे काही नाही. मोनेच्या चित्रात प्रत्येक थंड रंगाशेजारी एक उबदार रंग उभा आहे. ब्रूगलच्या चित्रात वेळ कळत नाही, दिवस नुसता संपत चाललेला आहे. मोनेच्या लांब सावल्या सांगतात, की ऊन तिरपे आहे, थोड्याच वेळात या सावल्या हलतील, कुंपणावरचा थर निसटेल आणि पक्षी उडून जाईल. त्याच्या शांततेत एक वाट पाहणे आहे.

त्या हिवाळ्याची ऊब

चित्रकाराच्या आयुष्यातून चित्राचा अर्थ थेट वाचू नये, हे खरे. पण या चित्रामागचे वर्ष माहीत असावे. १८६८ च्या उन्हाळ्यात मोनेला पैशांअभावी खाणावळीतून बाहेर काढले होते. कामीय आणि वर्षही न भरलेला मुलगा झां यांना तो पोसू शकत नव्हता. त्या भरात आपण पाण्यात उडी घेतली, असे त्याने आपला चित्रकार मित्र बाझील याला पत्राने कळवले होते. शरद ऋतूत ल आव्ह्रच्या गोदिबेर या व्यापाऱ्याने त्याला काम दिले, आधार दिला. हिवाळ्यात एत्रताजवळच्या भाड्याच्या लहानशा घरात तिघे एकत्र आले. डिसेंबरात बाझीललाच लिहिलेल्या पत्रात सूर पार बदललेला आहे : घरात शेकोटी आहे, माणसे आहेत आणि बाहेरचा मुलूख हिवाळ्यात उन्हाळ्याहूनही सुंदर वाटतो आहे. हे चित्र त्याच दिवसांतले.

ते सालोंने नाकारले तेव्हा परत आलेले चित्र एवढाच तो प्रश्न नव्हता. सालोंत लागलेले चित्र विकले जाई. न लागलेल्या चित्राला गिऱ्हाईक नसे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मोनेच्या घरात पुन्हा उपासमार आली आणि त्याचा मित्र रेन्वार आपल्या घरून पाव आणून देत होता. सावली तपकिरी लावली असती तर कदाचित हे टळले असते. मोनेने ती तपकिरी लावली नाही आणि पुढच्या चित्रांतही लावली नाही.

पुढे १८७९ च्या सप्टेंबरात कामीय वारली. त्यानंतरचा हिवाळा भयंकर थंडीचा होता. सेन नदी गोठली आणि जानेवारी १८८० मध्ये बर्फ फुटून वाहू लागले. व्हेतेय गावी मोनेने ती फुटलेली नदी पुन्हा पुन्हा रंगवली. त्यांतल्या अनेक चित्रांत राखाडी, जांभळट, मंद उजेड आहे. तोच माणूस, तेच बर्फ, दिवा वेगळा.

पणतीपाशी एक प्रयोग

हे सगळे पडताळायला युरोपात जावे लागत नाही. दिवाळीच्या संध्याकाळी, दिवेलागणीला बाहेर अजून थोडा उजेड असताना, खिडकीजवळ एक पांढरा कागद ठेवा. खोलीतले विजेचे दिवे बंद करा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पेटती पणती ठेवा आणि कागदावर एक पेन्सिल उभी धरा. दोन सावल्या पडतील. खिडकीचा उजेड अडल्याने पडलेली सावली पणतीच्या प्रकाशाने नारिंगी होईल. पणती अडल्याने पडलेल्या सावलीत फक्त आकाश पोचते. ती निळी दिसेल. पणती थोडी पुढे-मागे केली, की दोन्ही उजेड तुल्यबळ होतात आणि निळे एकदम स्पष्ट होते. गटेने हाच प्रयोग मेणबत्तीने केला होता.

घरातल्या लहान मुलांना तो जरूर दाखवावा. ती सावली काळ्या रंगाने काढतात, कारण आपण त्यांना तसे सांगितलेले असते. कागदावरचा निळा पट्टा एकदा डोळ्यांनी पाहिला, की पुढच्या थंडीत सकाळच्या उन्हात चुन्याच्या भिंतीवर पडलेल्या झाडाच्या सावलीकडेही ती थांबून पाहतील. मोनेने एत्रताच्या बर्फात तीन कोट चढवून केले ते याहून फार वेगळे नव्हते.